डेबिट कार्डवर विमानतळाच्या लाउंजमध्ये 2 रुपयांत जेवण मिळतं, हे खरं आहे का? आई-वडिलांना नेता येईल का?

तुम्ही लिहिलंय की परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची आणि तिथून दुपारी अडीचच्या विमानानं आई-वडिलांना काशीला न्यायचं. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. वडील निवृत्त शिक्षक, गुडघे धरलेले. कुणीतरी सांगितलं की एटीएम कार्ड दाखवलं की लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या बसायच्या-जेवायच्या खास जागेत, 2 रुपयांत पोटभर जेवण मिळतं. ते खरं का, असा तुमचा प्रश्न.

खरं आहे. पण तिघांनाही मिळेलच असं नाही, आणि तुमचं वेळापत्रक बघता नेमकी तिथंच अडचण येईल. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी जालन्याचा, बियाण्यांच्या धंद्यातला. हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरू अशा महिन्याला दोन-तीन विमानफेऱ्या होतात. पहिल्यांदा मायला घेऊन मुंबईहून निघालो तेव्हा आपल्या कार्डावर आपली माय येणारच, असं मी गृहीत धरलं होतं. काउंटरवरच्या पोरानं माझं कार्ड घासलं आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "माताजी का कार्ड?" तिच्याकडं कार्ड नव्हतं. तिचे रोख भरायला मी पाकीट काढलं, तर तिनं आकडा ऐकला आणि पदर सावरत दोन पावलं मागं सरली. "तू जाऊन ये बाबा, मी बसते हितंच," म्हणाली. मग मीही आत गेलो नाही. गेटजवळच्या खुर्च्यांवर बसून आम्ही घरून आणलेले धपाटे खाल्ले. धपाटे चांगलेच होते, पण तिचं ते मागं सरणं माझ्या मनातून जात नाही. तुमच्या आईवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, ते 2 रुपये जेवणाचे नसतात. कार्ड चालू आहे का आणि या तिमाहीतली तुमची लाउंजमध्ये जायची फेरी शिल्लक आहे का, हे तपासायला तेवढी रक्कम कापतात. काही कार्डांना 2, काहींना 25. जेवणाचे खरे पैसे नंतर बँक किंवा कार्ड कंपनी लाउंज चालवणाऱ्याला माणशी हिशेबानं देते, आणि ते शेकड्यात असतात. म्हणजे तिथं कुणी तुमच्यावर उपकार करत नाही. तुमच्या खात्याच्या नावावर ते पैसे भरले जातात. हे आई-वडिलांना आधीच समजावून सांगा, नाहीतर आपली माणसं ताटात दोन इडल्या घेऊन ओशाळल्यासारखी कोपऱ्यात बसतात.

पैसे बँकेला पडतात, म्हणूनच गेल्या काही वर्षांत बँकांनी हात आखडता घेतलाय. 2024 पासून बऱ्याच बँकांनी अट घातली, की मागच्या तिमाहीत कार्डावर अमुक इतका खर्च झाला असेल तरच लाउंज. ही अट बँकेगणिक, कार्डागणिक वेगळी आहे आणि बदलतही राहते. त्यामुळं शेजाऱ्याला मिळालं म्हणून आपल्याला मिळेल, असं धरू नका. आणखी एक गोष्ट गावाकडं फार लोकांच्या लक्षात येत नाही. फोनवरून यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून जातात, पण ते डेबिट कार्डाचा खर्च म्हणून धरले जात नाहीत. किराण्यापासून खतापर्यंत सगळं फोनवरून, आणि कार्ड कपाटात. मग खर्चाची अट पुरी होणार कशी?

कार्ड कुठलं, हे बघायला ते उलटंसुलटं करून नीट वाचा. जनधनचं साधं रुपे कार्ड किंवा पीककर्जाचं किसान कार्ड यांवर लाउंज मिळत नाही. रुपे प्लॅटिनम असेल तर साधारणपणे तिमाहीतून एकदा देशांतर्गत लाउंज मिळतं. व्हिसा-मास्टरकार्डमध्ये बँकेवर अवलंबून. तुमचे वडील शिक्षक होते, म्हणजे पगाराचं आणि आता पेन्शनचं खातं असणार. पगार-पेन्शन पॅकेजच्या खात्यांवर पुष्कळदा प्लॅटिनम कार्ड मिळतं आणि लोकांना ते ठाऊकच नसतं. बँकेत जाऊन दोनच प्रश्न विचारा: या कार्डावर लाउंज आहे का, आणि त्यासाठी मागच्या तिमाहीत किती खर्च लागतो. आईचं नाव त्याच खात्यात जोडलेलं असेल तर तिच्या नावाचं वेगळं कार्ड मागा. माझ्या मायचं असंच काढलं. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच लागतं, एका कार्डावर एकच माणूस. दोन वर्षांखालचं लेकरू असेल तर सहसा तसंच सोडतात.

कार्ड मिळालं की निघायच्या आधी ते एकदा पेट्रोल पंपावर किंवा कपड्याच्या दुकानात घासून बघा. म्हाताऱ्या माणसांना पिन आठवत नाही, कार्डाची मुदत संपलेली असते, आणि हे नेमकं लाउंजच्या दारात मागं रांग लागलेली असताना कळतं.

तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून अशी कॅलेंडरची. जाणं 29 सप्टेंबरला आणि येणं 3 ऑक्टोबरला असेल तर तिमाहीत एक फेरी देणाऱ्या कार्डावर दोन्ही वेळा जाता येतं. दोन्ही तारखा एकाच तिमाहीत असतील तर एकदाच.

आता वेळेचं. मराठवाड्यातल्या माणसाला लाउंजचा नियम सगळ्यात जास्त इथंच नडतो. मुंबई-पुण्याचा माणूस विमानाच्या दोन तास आधी घरून निघतो. आपण गाडी नेईल तेव्हा पोचतो. देवगिरी तुम्हाला सकाळी सातच्या आसपास मुंबईत सोडणार, विमान अडीचला. मधले साडेसात तास लाउंजमध्ये निवांत काढू, असा तुमचा विचार दिसतोय. तसं होत नाही. बहुतेक लाउंजमध्ये विमानाच्या साधारण तीन तास आधीपासूनच घेतात आणि दोन-तीन तासच बसू देतात. शिवाय लाउंज असतं सुरक्षा तपासणीच्या पलीकडं. बॅगा विमान कंपनीच्या काउंटरवर दिल्याशिवाय तिथं जाता येत नाही, आणि त्या फार लवकर घेतीलच असं नाही. म्हणजे साडेआठला विमानतळावर पोचलात तर साडेअकरापर्यंत सामानासकट अलीकडंच ताटकळायचं, आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल नेमके त्याच तीन तासांत होतात.

मी असतो तर असं केलं असतं. सीएसएमटीला उतरून तिथल्याच प्रतीक्षालयात हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, घरचा डबा उघडून न्याहारी करायची. दहाच्या सुमारास टॅक्सीनं निघायचं. गर्दीत दीड तास धरा. साडेअकराला विमानतळ, बॅगा, तपासणी, आणि सव्वाबारा-साडेबाराला लाउंज. जेवणाची वेळही तीच. सकाळच्या गर्दीत मोठ्या विमानतळांवर लाउंजबाहेर रांगा लागतात, दुपारी जरा सैल असतं. तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2, ते आत्ताच बघून ठेवा. दोन्ही एका आवारात नाहीत, एक सांताक्रूझच्या अंगाला, दुसरं अंधेरीकडं सहारला. ज्या टर्मिनलवरून विमान, लाउंजही तिथलंच.

आत काय असतं? इडली, उपमा किंवा पोहे, दुपारी वरण-भात, पनीर किंवा मिक्स भाजी, पोळी, दही, कापलेली फळं, चहा-कॉफीचं मशीन. आपल्या हातानं घ्यायचं, कितीही वेळा. बांधून न्यायचं नाही. ज्वारीची भाकरी मला तरी आजवर दिसली नाही.

माझी माय दुसऱ्या वेळी स्वतःचं कार्ड घेऊन आत गेली, तो नेमका एकादशीचा दिवस. मशीनवर पिन तिनंच दाबला, एकेक आकडा पुटपुटत. लगेच माझ्या फोनवर 2 रुपये गेल्याचा मेसेज आला. आत ती सगळी भांडी बघत फिरली, एकाला हात लावेना. उपास, आणि वर कुणाला काही मागायची सवय नाही. वाढणाऱ्या मुलीला मी सांगितलं. मुलगी निघाली अंबाजोगाईची. "एकादशी व्हय माय?" असं तिनं विचारल्याबरोबर मायचा चेहरा खुलला. मुलीनं आतून गरम दूध आणि दोन केळी आणून दिली. दूध संपेपर्यंत मायचं त्या मुलीला माहेर, गाव, नणंद कुठं दिली, सगळं विचारून झालं होतं. तुमची माणसं उपासाची, पथ्याची, बिनसाखरेची असतील तर निःसंकोच सांगायचं. बहुतेक वेळा काहीतरी सोय करतात.

वडिलांच्या गुडघ्यांचं मात्र लाउंजपेक्षा आधी बघा. तिकीट काढताना किंवा प्रवासाच्या किमान 48 तास आधी विमान कंपनीकडं व्हीलचेअर नोंदवून ठेवा. ज्याला खरंच चालवत नाही त्याच्याकडून तिचे पैसे घेत नाहीत. दारापासून गेटपर्यंतचं अंतर मोठं आहे, आणि व्हीलचेअर असली की सोबतचा माणूस तपासणीतूनही नीट नेतो. लाज वाटायचं कारण नाही, हे वडिलांना तुम्हीच सांगा. मास्तर माणूस पटकन तयार होत नाही. लाउंजमध्ये जाणार असाल तर ढकलणाऱ्या माणसाला दारातच सांगायचं, अमुक वाजता न्यायला ये, आणि त्याचा फोन नंबर घ्यायचा. आतले सोफे खोल आणि बुटके असतात, गुडघेदुखीच्या माणसाला उठवत नाही. जेवणाच्या टेबलाजवळची सरळ पाठीची खुर्ची धरा.

आणि घड्याळावर नजर ठेवा. बऱ्याच लाउंजमध्ये विमानांची घोषणा ऐकूच येत नाही. एकदा मी आत डोळा लावला आणि जाग आली तेव्हा माझं बोर्डिंग संपत आलं होतं. धावत गेट गाठलं. तरण्या माणसाला धावता येतं, तुमच्या वडिलांना येणार नाही. गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं. विमानाच्या तासभर आधीचा गजर लावा आणि तो वाजला की चहा अर्धा राहिला तरी उठा.

लाउंजच्या नावाखाली फसवणूकही होते. 2024 च्या सप्टेंबरात बेंगळुरू विमानतळावर एका महिलेनं लाउंजसाठी म्हणून फोनवर एक ॲप घेतलं आणि तिच्या क्रेडिट कार्डावरून 87 हजारांहून जास्त रक्कम गेली. कुणी लिंक पाठवली, कुणी ॲप उतरवा म्हटलं, तर नको म्हणा. बँकेचं स्वतःचं ॲप सोडून दुसरं काही उतरवायचं नाही. आधीच खात्री करायची असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा कार्डामागच्या नंबरवर करा.

कार्ड नसेल तर रोख भरून जावं का? माणशी हजाराच्या वर सहज जातात. तिघांचे एवढे पैसे एका जेवणावर घालू नका. विमान चार-पाच तास लांबलं असेल, म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पैशाकडं बघू नये. एरवी घरचं जेवण गेटजवळ बसून खायला कुणी हरकत घेत नाही. धपाटे, दशम्या, कोरडं काहीही चालतं. पातळ आणि तेलाचं लोणचं हातातल्या पिशवीत नको, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठल्याच बॅगेत नको, त्या विमानात चालत नाहीत. लहान बाळ सोबत असेल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो तशी बाळाची खोली विमानतळावरही असते. तिला कार्ड लागत नाही.

जगातलं पहिलं विमानतळ लाउंज अमेरिकन एअरलाइन्सनं 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर काढलं, आणि तिथं फक्त कंपनी ज्यांना बोलावील तेच जाऊ शकत. आज जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला माणूस आपल्या पेन्शनच्या कार्डावर आत जातो. तुमच्या वडिलांनी तसंच ताठ मानेनं जावं.

परतीचं आत्ताच सांगून ठेवतो. येताना तिमाही तीच असेल आणि कार्डावर तिमाहीत एकच फेरी असेल, तर काशीच्या बाबतपूर विमानतळावर आई-वडिलांची कार्डं लाउंजसाठी चालणार नाहीत. ते त्यांना जातानाच सांगून ठेवा, आणि काशीहून निघताना पुरी-भाजी बांधून घ्या.