जपानला निघालास, तर आधी लाइन समजून घे

तिकडे व्हॉट्सॲपवर फारसं कुणी भेटणार नाही, सगळे लाइनवर. मार्च 2011 मध्ये मोठा भूकंप झाला, त्याच वर्षी जूनमध्ये हे ॲप आलं.

त्यात निळी टिक नसते. तू मेसेज उघडलास की पाठवणाऱ्याला त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘किदोकु’ दिसतं, म्हणजे ‘वाचलं’. ग्रुपमध्ये किती जणांनी वाचलं, तो आकडाही. वाचून गप्प बसणं तिथे मनाला लागतं. त्याला ‘किदोकु सुरू’ असा शब्दच आहे. (हा ‘सुरू’ आपला नव्हे, इंग्रजी ‘थ्रू’चा जपानी उच्चार.) म्हणून उत्तर द्यायला सवड असेल तेव्हाच उघड.

स्टिकरला पोरखेळ समजू नकोस. मी सुरुवातीला नुसतं ‘ओके’ लिहायचो. शेवटी एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, रागावलात का? तेव्हापासून वाकून नमस्कार करणारं अस्वल पाठवतो, आणि बोलणं कसं मोकळं होतं बघ.

कामाचा मेसेज ‘ओत्सुकारेसामा देस’ने (साधारण ‘तुमच्या मेहनतीबद्दल आभार’) सुरू कर, थेट मुद्द्यावर येऊ नकोस. आणि सकाळची फुलं-सुविचार घरच्या ग्रुपपुरतेच ठेव.