फ्रिजवरची वही

प्रश्न: माझ्या नणंदेला बाळंतपणानंतर अचानक खूप रक्तस्राव झाला. रक्त वेळेवर मिळालं म्हणून ती वाचली. घरचे म्हणतात, नशीब बलवत्तर. पण जिचं नशीब तेवढं नसेल तिचं काय, हा विचार मनातून जात नाही. आम्ही काहीजणी लोकप्रतिनिधींना भेटणार आहोत. नवं रुग्णालय मागावं, असं बहुतेकींचं मत आहे. तुम्ही काय सुचवाल, डॉक्टर?

उत्तर: आधी नणंदबाईंना आराम मिळू द्या. एवढं रक्त गेल्यावर अंगात ताकद यायला वेळ लागतो.

आता मागणीचं. इमारत जरूर मागा, पण त्याआधी प्रसूतिकक्षातल्या फ्रिजची चौकशी करा. मूल जन्मल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. त्यानं गर्भाशय आवळलं जातं आणि रक्त थांबतं. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर कमी होतो.

मी नवी होते तेव्हाची एक रात्रपाळी सांगते. इंजेक्शन दिलं, तरी गर्भाशय माझ्या हाताखाली मऊच. पुन्हा दिलं, तरी तेच. मी पोट चोळत राहिले, सिस्टर धावत जाऊन दुसऱ्या वॉर्डातली इंजेक्शनं घेऊन आल्या. ते दिल्यावर कुठे हाताला टणकपणा लागला. बाई वाचली. सकाळी कळलं की फ्रिज पुसताना काढलेला प्लग दोन दिवस तसाच होता. तो परत लावणं कुणाचं काम, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. धोरण म्हटलं की मला अजून तो प्लग आठवतो. याच कामाचं, पण उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हे औषध 2019 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तुमच्याकडच्या खरेदीच्या यादीत ते आहे का, हेही विचारा.

दुसरी गोष्ट मोजण्याची. चादरीत मुरलेलं रक्त अंदाजानं नेहमी कमीच धरलं जातं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत एक अभ्यास झाला. त्यातल्या काही रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि रक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकेक करत न बसता एकदमच सुरू केले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, असं काही होण्याचं प्रमाण तिथे बाकीच्या रुग्णालयांपेक्षा 60 टक्क्यांनी कमी राहिलं. हे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. पिशवी साधीच असते, पण ती प्रत्येक खाटेपाशी असायची तर कुणीतरी आदेश काढावा लागतो.

बाळांसाठीही असंच. फिनलंडमध्ये बाळाच्या कपड्यांची पेटी 1938 पासून गरजू आयांना आणि 1949 पासून सगळ्यांनाच मिळू लागली. त्यासोबत अट आली, चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. पेटीच्या निमित्तानं बाई वेळेत दवाखान्यात पोचू लागली.

आणि एखादी आई दगावलीच, तर पुढे काय होतं, हे नक्की विचारा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1952 पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय छाननी सुरू झाली. नर्सला निलंबित केलं की फाइल बंद होते आणि प्लग तसाच राहतो. नाव न घेता चौकशी केली, तर माणसं खरं बोलतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भेटीच्या आधी एकदा प्रसूतिकक्षात परवानगी काढून जाऊन या. फ्रिजवर तापमानाची वही आहे का बघा, आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते लिहून घ्या. लोकप्रतिनिधींशी बोलणं त्या तारखेपासून सुरू करा.