तट्टूची गाडी सजवायच्या आधी तळ बघा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. लेकीसाठी गेल्या वर्षी ५० इंची तट्टू घेतलंय, स्वभावाने गरीब आहे. घरची जुनी बोलेरो पिकअप आहे, ती आता तट्टूसाठीच ठेवायची म्हणतोय. रविवारी सकाळी नदीकाठी, कधी पाहुण्यांच्या गावाला, कधी शिकवणीच्या मैदानावर असं तासाभराच्या अंतरात फिरवायचंय. फॅब्रिकेटर म्हणतो वरून डिझाइनचा पत्रा, एलईडी पट्ट्या, बाजूला घोड्याचं चित्र असं सगळं करून देतो. पैसे मोजकेच आहेत, तर नेमकं काय काय बसवू?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : दादा, चित्र आणि एलईडी नंतर कधीही होईल, आत्ता सगळा पैसा तळाला, अडसरांना आणि हवेला लावा, याच क्रमाने.

घोडा गाडीत आरामात उभा आहे असं आपल्याला बाहेरून वाटतं पण तो पूर्ण रस्ताभर तोल सांभाळत असतो. त्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भार मुळातच पुढच्या दोन पायांवर असतो, त्यात तुम्ही ब्रेक मारला की सगळं अंग पुढे येतं, वळण घेतलं की कडेला जातं, आणि हे सगळं तो चार खुरांवर पेलतो, तेही नाल मारलेले असतील तर लोखंडावर लोखंड. म्हणून हौद्याचा उघडा पत्रा अजिबात नको, चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) असली तरी नको, ओली झाली की ती पण घसरतेच. पत्र्यावर १८-१९ मिलीचा मरीन प्लाय टाका, त्यावर गोठ्यात वापरतात ती जाड रबर मॅट, आणि मॅट एकाच मापाची अखंड घ्या, तुकडे जोडले की सांध्यात खूर अडकतो. मॅट खिळ्यांनी ठोकून कायमची करू नका, ती महिन्यातून एकदा उचलून खाली बघता आलं पाहिजे. मूत खाली झिरपतं, प्लाय कुजतो, पत्रा गंजतो, आणि वरून मात्र सगळं छान दिसत असतं. जुनी गाडी आहे म्हणताय तर प्लाय टाकायच्या आधीच गाडीखाली शिरून क्रॉस मेंबर (हौद्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्या) हातोडीने ठोकून बघा, भसभशीत आवाज आला तर आधी तेच काम. वर अंथरायला रंध्याचा भुसा चांगला. तुमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं हे माहितीये मला, पण ते पायाखाली सरकतं आणि धूळ फार, ते नको.

मग अडसर. छातीपुढे एक, ढुंगणामागे एक. छातीचा अडसर त्याच्या छातीच्या मधोमध येईल असा, म्हणजे ब्रेकला छाती टेकेल पण गुडघा वरून जाणार नाही आणि मान खालून अडकणार नाही. मागचा अडसर शेपटीच्या मुळाच्या बराच खाली, मांडीच्या भरीव भागाला टेकेल असा. दोन्हींवर जाड फोम आणि रेक्झिन. उंची पुस्तकातून घेऊ नका, तट्टू सपाट जागी उभं करून टेपने मोजा आणि दोन-तीन उंचीवर भोकं ठेवा. आणि फॅब्रिकेटरला हे बजावून सांगा की दोन्ही अडसर बाहेरून उघडता आले पाहिजेत, वजन पडलेलं असताना सुद्धा. घोडा पाय टाकून अडकला तर आत शिरून पिन काढायला जाणारा माणूस आधी मरतो.

क्रम पाठ करून घ्या, लेकीलाही शिकवा. चढवताना आधी मागचा अडसर लावायचा, मग मोरखीचा (तोंडाभोवती घालतात त्या पट्ट्याचा) दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग फाळका (चढ-उताराची फळी) पाडायचा, मग अडसर. उलटं झालं तर बांधलेला घोडा मागे सरकतो, मान अडकते, आणि घाबरलेल्या घोड्याला कुणी धरू शकत नाही, तट्टू असलं तरी ५० इंचाचं म्हणजे अडीचशे-तीनशे किलो आहे ते. दोर थेट लोखंडी कडीला बांधू नका, कडीत सुतळीचा एक फेर घ्या आणि त्याला दोर, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारून, म्हणजे खरंच जीवावर आलं तर सुतळी तुटेल, मान नाही. दोर इतका मोकळा की तो मान थोडी खाली घेऊ शकेल. डोकं तासनतास वर बांधून ठेवलं की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर ताप, खोकला, फुप्फुसाचा आजार होतो तो यातूनच. म्हणून वाटेत थांबलात की त्याला मान जमिनीपर्यंत नेऊ द्या.

तोंड कुठल्या बाजूला? आपल्याकडच्या १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांतच लिहिलंय की घोड्यांची तोंडं डावीकडे, बाजूने जाणाऱ्या वाहनांपासून लांब ठेवायची. पिकअपची रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास, त्यात तट्टू पूर्ण आडवं नीट मावत नाही, म्हणून तिरकं उभं करा, डोकं पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे. तिरकं उभं राहिल्यावर ब्रेकला आणि वळणाला दोन्हीला पाय रोवायला त्याला सोपं जातं. त्याच नियमांत आणखी बऱ्याच गोष्टी आहेत ज्या लोकांना माहितीच नसतात : तळाला न घसरणारं काहीतरी हवं, बाजू बुटक्या असतील तर वाढवायच्या, जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू आणि मागे दोन दणकट आडव्या पट्ट्या, सोबत एक माणूस, डॉक्टरांचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. हो, ३५. तुमचं तासाभराचं अंतर म्हणजे ३५ किलोमीटर, ७० नाही, तसा बेत करा.

मोटार वाहन नियमांत जनावरांच्या गाडीसाठी वेगळी तरतूद आहे, प्रत्येक घोड्याला कायमस्वरूपी पार्टिशन करून किमान २.२५ चौरस मीटर जागा, आणि त्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. गाडी फक्त तट्टूसाठीच ठेवताय हे बरोबरच आहे. बॉडीत बदल करायला आरटीओची परवानगी लागते, ती वेल्डिंग सुरू व्हायच्या आधी घ्या.

फाळक्याबद्दल सविस्तर सांगते कारण इथेच निम्मी भांडणं होतात. पिकअपचा हौदा जमिनीपासून साधारण अडीच फूट वर, आणि लोक त्याला चार फुटांची फळी लावतात, घोडा अडला की मग काठी. युरोपातल्या नियमांत घोड्यांसाठी रॅम्पचा चढ २० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. अडीच फुटाला २० अंश म्हणजे सव्वासात-साडेसात फूट लांब फाळका लागतो. तेवढाच उभा केला की मागचं दार पण होतं, दोन कामं एकात. वर रबर, दर फुटाला एक आडवी पट्टी, दोन्ही कडांना उभी किनार, आणि उघडल्यावर खाली पोकळ वाजता कामा नये, मध्ये टेकू द्या. स्प्रिंग लावून घ्या नाहीतर उचलायला चार माणसं शोधत बसाल. आणि शेतात एखादा बांध असेल तर गाडी त्याला मागून लावा, फाळका जवळजवळ सपाट पडतो, पहिले काही दिवस तिथूनच चढवा-उतरवा.

छत हवंच, पण नुसता पत्रा मे महिन्यात आतलं सगळं भाजून काढतो. बाहेरून पांढरा रंग, आतून प्लायचं अस्तर, उंची आत साडेसहा फूट तरी, दोन्ही बाजूंना त्याच्या डोक्याच्या वर लांब झरोके, पण समोरून थेट वारा डोळ्यात येणार नाही असे. गाडी चालू असते तोवर हवा खेळते, खरा त्रास थांबल्यावर, टोलला, फाटकाला, चहाला. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोचायचं आणि दुपारी निघायचंच नाही, सावलीत थांबून संध्याकाळी परत.

सामान थोडंच पण रोजचं : घरच्या पाण्याचे दोन कॅन आणि त्याचीच बादली (परकं पाणी बरीच तट्टं तोंडाला लावत नाहीत, घरीच चार दिवस पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावली तर बाहेरही पितात), जादा मोरखी आणि दोर, धारदार चाकू, टॉर्च, खूर साफ करायची आकडी, कापूस, बँडेज, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सियस, तुमच्या तट्टूचं घरी शांत असताना घेऊन ठेवा म्हणजे तुलना करता येते. निघायच्या आधी चंदी (दाण्याचा खुराक) नको, कडबा किंवा सुकं गवत चालेल. आणि स्टेपनी-जॅक अशा जागी ठेवा की तट्टू न उतरवता काढता येईल, हायवेच्या कडेला घोडा उतरवावा लागणं याच्यासारखा धोका नाही.

एक शेवटचं, गाडी तयार झाली की चालवणाऱ्याला मोकळ्या हौद्यात उभं करा, मळ्यातल्या रस्त्यावर हळूहळू गाडी फिरवा, वळवा, ब्रेक मारा, हात अडसराला धरून. त्यानंतर तो माणूस ब्रेक वेगळा मारतो.

प्रश्न : गाडी सगळी व्यवस्थित आहे, पण घोडी फाळक्यावर पाय ठेवत नाही. मोतद्दार (घोडा सांभाळणारा) म्हणतो मागून दोर घालून दोघांनी ओढू, एकदा गेली की जाईल. तसं करू का?
— वाचक, सातारा

उत्तर : नका करू. एकदा जाईल, आणि दुसऱ्यांदा गाडी दिसली की पळेल. घोडीचं चुकत नाहीये, अंधाऱ्या पोकळ खोक्यात शिरायला कुठलाही घोडा सहज तयार होत नाही. गाडी पागेजवळ सपाटीला उभी करा, हँडब्रेक आणि चाकांना दगड, पुढचं दार-झरोके उघडून आत उजेड येऊ द्या, आणि रोजची चंदी फाळक्याच्या पायथ्याशी द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोबरा (चंदीची पिशवी) फाळक्यावर, मग आत. ती अर्धी चढून मागे आली तर येऊ द्या, अडवू नका, मागे यायला मिळतं हे कळलं की ती पुढे जाते. समोर उभं राहून तोंडाकडे बघत ओढायचं नाही, तिच्या खांद्याशी उभं राहून सोबत चालायचं. आत गेली की लगेच दार लावायची घाई नको, खाऊ द्या, उतरवा, पुन्हा. मग अडसर लावून खाऊ द्या, मग नुसतं इंजिन सुरू, मग गावाभोवती एक चक्कर आणि परत घरीच. गाडीत बसलं की दरवेळी लांब जाऊन दमायचं असं तिच्या डोक्यात बसता कामा नये. शांत असलेला दुसरा घोडा आधी चढवला तर काम निम्मं होतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, मुलगी पोनी क्लबला जाते. सेकंडहँड ३.५ टनाचा छोटा हॉर्सबॉक्स (घोडे न्यायची बंद गाडी) बघतोय. जाहिरातीत सगळे 'दोन घोडे बसतात' लिहितात. खरं धरायचं का?
— वाचक, लेस्टर

उत्तर : उभे राहायला जागा असते, वजनाला नसते. ३.५ टन हे गाडी, डिझेल, माणसं, खोगिरं, पाणी आणि पोनी सगळं धरून आहे. तिथे साध्या कार लायसन्सवर चालते म्हणून हा आकार सगळ्यांना हवा असतो, पण ज्या गाडीत लिव्हिंग (माणसांना राहायची जागा), किचन, जादा लॉकर बसवलेत तिच्यात घोड्यासाठी उरलेलं वजन फार कमी होतं. विकत घ्यायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्या, टाकी भरलेली, तुम्ही दोघं आत, आणि ३,५०० मधून तो आकडा वजा करा. दोन छोट्या वेल्श पोनी कदाचित बसतील, दोन मोठे घोडे बसणार नाहीत, आणि ओव्हरलोड गाडीला ब्रेक उशिरा लागतो, दंड वेगळाच. मुलगी उंच होईल तशी पोनीही मोठी येईल, तो हिशोब आत्ताच धरा. मॅट उचलून तळ बघितल्याशिवाय सौदा करू नका, विकणारा नको म्हणाला तर निघून या. आणि पोनीचा पासपोर्ट प्रवासात सोबत असणं तिथे कायद्याने लागतं, गाडीतच त्याची जागा करून ठेवा.

प्रश्न : दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आमचं भीमथडी तट्टू न्यायचंय, विकायला नाही, नुसतं दाखवायला. नाशिकहून पिकअपने एका दमात जाता येईल का?
— वाचक, नाशिक

उत्तर : अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, नियमाच्या वेगाने साडेसहा तास नुसते चाकांवर, त्यात थांबे धरून पूर्ण दिवस. पहाटे निघा, दर दोन-तीन तासांनी सावलीत अर्धा तास थांबा, पाणी, चारा, मान खाली. पोचलात की त्या दिवशी दाखवणं-पळवणं काही नाही, नुसतं हळू चालवा. थंडीचे दिवस असतात, तापीकाठी रात्री चांगला गारवा पडतो, झूल न्या.

मला जास्त काळजी रोगाची आहे. यात्रेत कुठून कुठून घोडे येतात, आणि ग्लँडर्स हा रोग एकाच हौदात पाणी प्यायल्याने, एकाच तोबऱ्यातून खाल्ल्याने पसरतो, माणसालाही होतो, आणि रोगी निघालेला घोडा कायद्याने मारावाच लागतो. जायच्या बऱ्याच आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन रक्ताची तपासणी आणि दाखला यांचं विचारून घ्या, रिपोर्ट यायला वेळ लागतो. तिथे स्वतःची बादली, स्वतःचा तोबरा, स्वतःचा खरारा, कुणी मागितलं तरी द्यायचं नाही. परत आलं की दोन-तीन आठवडे घरच्या बाकी जनावरांपासून वेगळं बांधा, रोज तापमान घ्या, नाकातून घट्ट शेंबूड किंवा अंगावर गाठी दिसल्या तर हात न लावता डॉक्टरांना बोलवा. आणि गाडीची मॅट उचलून खालपर्यंत जंतुनाशकाने धुवा, कडक उन्हात दिवसभर उघडी ठेवा, मगच पुढचं जनावर आत.