सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या पाच वर्षांच्या मुलीला पोटातून नळी बसवली तर उलट्या थांबतात का? फंडोप्लिकेशन (पोटातलं वर येणं अडवायचं ऑपरेशन) सोबतच करावं का? घरचे नळीला नको म्हणताहेत.

तुमचं शेवटचं वाक्य आधी वाचलं, प्रश्न मागाहून.

आमची मुलगी आता नऊची आहे. काळाचौकीला चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. नाकातली नळी सात महिने होती. ती उपसून काढायची, मग रात्री दीडला टॅक्सी करून परळचं हॉस्पिटल. त्याआधी दोन वर्षं मी चमच्याने भरवत होते, एका जेवणाला सव्वा तास, आणि वजन ९ किलोवर अडकलेलं. दूध पोटात गेलं की थोड्या वेळाने ती धनुष्यासारखी मागे वाकायची, मान एकीकडे. फिट समजून आम्ही फिटचं औषध वाढवून घेतलं. निघाला रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं परत अन्ननलिकेत वर येणं. तोवर दोनदा न्यूमोनिया होऊन गेला होता.

पोटातल्या नळीचं ठरलं तेव्हा मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "लेकराच्या पोटाला भोक पाडणार? तुला भरवायचा कंटाळा आलाय." कंटाळा! म्हटलं, वन्सं, आज तुम्ही भरवा. चौथ्या घासाला ठसका लागला, ओठ निळे पडले. वाटी माझ्या हातात देऊन त्या गॅलरीत गेल्या, पण शब्द काही मागे घेतला नाही. वर म्हणे नवीन प्रयोग आमच्याच पोरीवर. दुर्बिणीतून अशी नळी पहिल्यांदा १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला बसवली, तीही तान्ह्या बाळाला. कसला नवीन प्रयोग?

उलट्या थांबतीलच असं नाही. नाकातली नळी अन्ननलिकेच्या झडपेतून जाते, ती निघाल्यावर आमच्याकडे थोडा फरक पडला, एवढंच. आम्लाचं औषध आम्ल कमी करतं, वर येणारं दूध अडवत नाही. खरा उपयोग झाला तो एका वेळी कमी, सावकाश फीड देऊन, डोक्याकडची बाजू उंच ठेवून आणि बद्धकोष्ठ हटवून. शी अडकली की आमच्याकडे उलटी ठरलेली.

फंडोप्लिकेशन "लगे हाथ उरकून टाकू" म्हणून करू नका. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात, मग काही मुलांना उलटी येत नाही, नुसते कोरडे उमाळे येतात, पोट फुगतं. आम्ही नाही केलं. अर्थात मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलीची छाती सारखी भरत असेल, तर गणित वेगळं. काही मुलांना नळी पुढे लहान आतड्यात सोडून फीड देतात, तेही विचारा.

आमची आता १६ किलो आहे. लग्नाच्या हॉलमध्ये मी सिरिंज वर धरून बसते, वन्सं तोंड फिरवतात. फिरवू देत.

तुमच्या घरच्यांच्या हातात एकदा वाटी द्या. नको, नका देऊ, ठसका लागायचा. तुम्ही भरवा, त्यांना फक्त घड्याळ घेऊन समोर बसवा, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत.