दहिवडीजवळ शेतजमीन घेतोय. सातारा जिल्हा म्हणजे पाऊस भरपूर असेल ना? जमीन बघायला कधी यावं?

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडीला पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. हा प्रश्न वाचला आणि आमचे दाजी आठवले.

दाजी जावळीचे, म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या, भरपूर पावसाच्या भागातले. 2018 च्या जूनमध्ये ताईला घेऊन आले होते. पहिल्याच सरीनं भिजलेलं रान बघून अण्णांना म्हणाले, "मृग साधा. सोयाबीन टाका, बाजरीत काय ठेवलंय?" मी सांगत होतो, वीतभर खाली रान कोरडं आहे. पण जावयाचा शब्द अण्णांना मोडवेना. चार एकरांत बी गेलं, उगवलंही. पुढं आषाढभर नुसतं आभाळ आणि वारं. समुद्रावरून आलेलं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच उतरतं, घाट उतरून आमच्याकडं येतो तो कोरडा वारा. ढग डोक्यावरून पूर्वेला पळतात, थेंब पडत नाही. पीक चार पानांवर करपलं. पुढं हस्तही कोरडा गेला, शाळू म्हणजे रब्बी ज्वारी पेरलीच नाही. जानेवारीत जनावरं म्हसवडच्या चारा छावणीत नेली.

त्याआधी दिवाळीला दाजी म्हणाले, "तुम्हा लोकांना कष्टच नकोत." अण्णा गप्प बसले. मला ते वाक्य अजून गिळलं जात नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. माणचा, म्हणजे दहिवडी ज्या तालुक्यात येते तिथला पाऊस मृगाचा नाही, तो उत्तरा-हस्ताचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. पूर्वेकडून गडगडत येतो आणि त्याच्या ओलीवर शाळू निघतो. मृगाच्या भरवशावर मुख्य पीक ठरवणाऱ्यानं इकडं जमीन घेऊच नये. महाबळेश्वरात जुलैच्या एखाद्या आठवड्यात पडतो तेवढा पाऊस आम्ही वर्षभर पुरवतो. बांध घालतो, पाणी अडवायला ताली धरतो, माती मुठीत दाबून वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, बघतो आणि मगच पेरतो. दाजी, याला कष्ट म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

परतीचा पाऊसही दरवेळी सरळ येतो असं नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातलं वादळ सोलापूरकडून आलं, तेव्हा आमचा नुकता उगवलेला शाळू मातीसकट वाहून गेला. आणि काही गावांत आता उरमोडी धरणाचं पाणी आलंय, तिथलं गणित वेगळं. तुमच्या जमिनीचा गट नंबर त्यात येतो का, ते आधी विचारा.

बघायला दिवाळीत येऊ नका. तेव्हा माळसुद्धा हिरवा दिसतो आणि विकणारा नेमका तेव्हाच बोलावतो. मे अखेरीस या, विहिरीत वाकून बघा, आणि शेजारच्या रानवाल्याला विचारा, मागच्या दुष्काळात गावात टँकर कुठल्या महिन्यात सुरू झाला होता.