टॅमॉक्सिफेनसोबत ‘डिम’ची कॅप्सूल चालेल का?

प्रश्न : माझ्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले असून ती रोज टॅमॉक्सिफेनची गोळी घेते. कोबी, ब्रोकोली यांपासून मिळणाऱ्या ‘डिम’ या द्रव्याच्या कॅप्सूल शरीरातील इस्ट्रोजेन ताळ्यावर आणतात, असे वाचनात आले. त्या सोबत सुरू कराव्यात का?

उत्तर : तिच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच सुरू करू नका.

कोबीवर्गीय भाज्या चिरताना व चावताना त्यांत इंडोल-३-कार्बिनॉल तयार होते आणि जठरातील आम्लात त्याचे दोन रेणू जोडले जाऊन डायइंडोलिलमिथेन, म्हणजेच डिम, बनते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्तनाच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींची वाढ डिममुळे मंदावते. प्रोस्टेटच्या पेशींत तर ते पुरुषी हार्मोनच्या ग्राहीला (हार्मोन ज्याला चिकटून काम करते त्या प्रथिनाला) पेशीकेंद्रात शिरण्यापासून अडवते. हे संशोधन खरे आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आस्था आहे. परंतु काचेच्या बशीतील पेशींच्या मागे यकृत नसते, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत सगळा प्रश्न यकृताचाच आहे. टॅमॉक्सिफेन मूळ रूपात फारसे प्रभावी नसते. यकृतातील विकरे (एन्झाइम), विशेषतः सीवायपी२डी६ हे विकर, त्याचे एन्डॉक्सिफेन बनवतात आणि इस्ट्रोजेनला ग्राहीपासून दूर ठेवण्याचे काम मुख्यतः हे एन्डॉक्सिफेन करते.

अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तीत टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १३० स्त्रियांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून एका गटाला डिमची १५० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, असे वर्षभर देण्यात आले. डिम घेणाऱ्यांच्या लघवीतील इस्ट्रोजेनच्या उपपदार्थांचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे बदलले, आणि कॅप्सूल खपवताना नेमके एवढेच सांगितले जाते. कर्करोगाच्या जोखमीची खूण मानली जाणारी स्तनाची घनता मात्र बदलली नाही, आणि त्याच स्त्रियांच्या रक्तातील एन्डॉक्सिफेन घटले, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते. यामुळे आजार उलटतो असे त्या चाचणीतून सिद्ध होत नाही. ती त्यासाठी आखलेलीच नव्हती. पण इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या कर्करोगात पाच वर्षे घेतलेल्या टॅमॉक्सिफेनमुळे पुढील १५ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांवरील चाचण्यांतून दिसलेले आहे. असा पक्का लाभ अशा कॅप्सूलसाठी पणाला लावू नये.

कोबी, ब्रोकोली जेवणात अवश्य असू द्या. कॅप्सूलमधील मात्रा ही वेगळी गोष्ट आहे. तिने कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील, तर त्यांची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तोवर टॅमॉक्सिफेनची एकही गोळी चुकू देऊ नका.