दक्षिण आफ्रिकेच्या लेखात शासनपद्धती ‘अध्यक्षीय’ लिहावी की ‘संसदीय’? दोन संपादक एकमेकांचे बदल सारखे उलटवताहेत.

संसदीयच लिहा. पदाच्या नावावर भांडण्यापेक्षा थेट १९९६ ची राज्यघटना उघडा. कलम ८६ प्रमाणे राष्ट्राध्यक्षाला नॅशनल असेंब्ली (संसदेचं कनिष्ठ सभागृह) आपल्याच सदस्यांमधून निवडते. कलम १०२ प्रमाणे एकूण सदस्यांच्या बहुमताने राष्ट्राध्यक्षावर अविश्वास ठराव झाला की राष्ट्राध्यक्षासह अख्ख्या मंत्रिमंडळाला पायउतार व्हावं लागतं. जून २०२४ मध्ये आपल्या पक्षाचं बहुमत गेल्यावर राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा इतर पक्षांच्या साथीने, २८३ मतं घेऊन निवडून आले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला असं संसदेच्या भरवशावर राहावं लागत नाही.

दुसऱ्या संपादकाचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. राष्ट्रप्रमुख आणि सरकारप्रमुख इथे एकच व्यक्ती असते, हे लेखात एका वाक्यात जरूर यावं. तोवर माहितीचौकटीतल्या त्या ओळीला दोघांनीही हात लावू नये.